तिकडे टाळ्या, इकडे अंधश्रद्धा?

"तिकडचे आदिवासी चांदण्यांच्या गोष्टी सांगतात तर तुम्ही लोक टाळ्या वाजवता, आणि आम्ही पंचांगाचं नाव काढलं की लगेच अंधश्रद्धा!" अमरावतीच्या माझ्या आतेभावाने, दादाने, घरच्या ग्रुपवर हे लिहिलं आणि खाली पटापट अंगठे उमटले. निमित्त मीच दिलं होतं. मी कॅनडात विनिपेगला राहते. तिथे आमच्या भागातल्या कम्युनिटी सेंटरमध्ये क्री या इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या आकाशज्ञानावरचा माहितीपट दाखवला, त्याचा फोटो मी टाकला होता. दादा निवृत्त प्राध्यापक आहे, वाचणारा आहे, त्याचं बोलणं उडवून लावता येत नाही. म्हणूनच ते वाक्य झोंबलं. तेव्हापासून दारातला बर्फ उपसताना, बसची वाट बघताना मी त्याला मनातल्या मनात उत्तरं देते आहे. ती आता एकदा नीट मांडते.

माहितीपट २०२४चा, लिसा जॅक्सन या अनिशिनाबे (इथलाच आणखी एक मूळ रहिवासी समाज) दिग्दर्शिकेचा. विषय विल्फ्रेड बक. ते विनिपेगच्या बरंच उत्तरेला, द पा गावाजवळच्या ओपास्क्वायाक क्री नेशनचे. त्यांचं तरुणपण नशेत आणि रस्त्यावर गेलं. मग जाणत्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसून ते गाणी, विधी आणि तारे शिकले आणि पुढे शिक्षक झाले. हवा भरून उभा करायचा तारांगणाचा घुमट घेऊन ते फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे क्रींसारख्या मूळ रहिवाशांच्या, शाळाशाळांतून फिरले आणि मुलांना त्यांच्याच आज्या-पणज्यांचं आकाश दाखवत राहिले.

त्या आकाशात आपले सप्तर्षी म्हणजे मिस्ता मस्क्वा, मोठं अस्वल. ते इतकं माजलं की सगळ्या प्राण्यांना छळू लागलं, म्हणून सात पक्षी त्याच्या मागे लागले. शरद ऋतूत त्यांतल्या रॉबिन पक्ष्याचा बाण त्याला लागतो, रक्त उडतं, त्याने रॉबिनची छाती लाल होते आणि झाडांची पानंही. गोष्ट म्हणून ही सुंदर आहेच, पण इथे राहणाऱ्याला तिच्यातलं निरीक्षण लगेच कळतं. ध्रुव क्षितिजापासून किती वर दिसतो ते त्या गावाच्या अक्षांशावर ठरतं. अमरावतीत तो जेमतेम २१ अंशांवर असतो, विनिपेगला ५० अंशांवर. त्यामुळे सप्तर्षी इथे कधी मावळतच नाहीत, वर्षभर ध्रुवाभोवती धावत राहतात, आणि शरदातल्या संध्याकाळी ते अगदी खाली, झाडांच्या शेंड्यांशी येतात. नेमकी तेव्हाच पानं लाल झालेली असतात. ज्याने ही गोष्ट रचली त्याने पिढ्यान्‌पिढ्या त्याच दिशेला तोंड करून बघितलं असणार.

आकाशगंगा ही क्री लोकांना उन्हाळी पक्ष्यांची वाट वाटते, ज्या वाटेने बदकं आणि हंस थंडीत दक्षिणेला जातात आणि वसंतात परततात. १९६०च्या दशकात अमेरिकेत स्टीफन एमलेन या शास्त्रज्ञाने तारांगणात पिंजरे ठेवून दाखवलं की इंडिगो बंटिंग नावाचे पक्षी रात्री ताऱ्यांवरून दिशा धरतात, आकाश कोणत्या बिंदूभोवती फिरतं ते ओळखतात. क्री माणसांना प्रयोगाची गरज पडली नव्हती असं मी म्हणत नाही. पक्षी आणि तारे यांचा काही संबंध आहे, हे बघायला लागणारं लक्ष त्यांच्याकडे होतं, एवढंच म्हणते.

आणि कृत्तिका. त्या क्री आकाशातलं भोक आहेत, पाकोने कीसिक. तारकास्त्री त्या भोकातून खाली आली, कोळी-किड्याच्या रूपातल्या आजीने तिला धाग्याने पृथ्वीवर सोडलं आणि माणसं आली. हे ऐकताना माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारच्या नातीचा हात धरला होता. या गोष्टी फक्त जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या असा दंडक आहे, म्हणून कार्यक्रमही भर थंडीत ठेवला होता. बाहेर उणे तीस, पार्किंगमध्ये इंजिन गोठू नये म्हणून गाड्यांच्या वायरी लावलेल्या, आत बॅनक नावाची जाड रोटी आणि चहा. मला घरच्या श्रावणातल्या कहाण्या आठवल्या. आईही शुक्रवारची कहाणी श्रावणाबाहेर सांगायची नाही.

आता दादाचं वाक्य. त्यात एक गोष्ट खरी आहे, ती आधी मान्य करते. इथल्या सभागृहात कोणी उठून "अस्वल कुठे आकाशात असतं का" असं विचारलं नाही, आणि आपल्याकडे मृग नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की म्हैस असं कोणी म्हटलं तर शहरातली शिकलेली माणसं हसतात. ते हसणं मलाही आवडत नाही. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' म्हणणारा शेतकरी अडाणी नव्हता. सूर्य कुठल्या नक्षत्रात आला की कुठला पाऊस, याची त्याची वही तोंडपाठ होती. पण दादा, पंचांगाच्या गणिताला अंधश्रद्धा कोण म्हणतं? शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला, तो आजही अभ्यासक हातात घेतात. व्यंकटेश बापूजी केतकरांच्या ग्रहगणितापुढे मान झुकते. मेघनाद साहांच्या समितीने सगळ्या देशातली पंचांगं समोर मांडून हिशेब तपासला आणि १९५७ साली राष्ट्रीय दिनदर्शिका आली. हे सगळं ज्ञान आहे आणि त्याला कोणी हात लावलेला नाही.

भांडण दुसऱ्याच गोष्टीचं आहे, आणि ते दादाला माहीत आहे. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम आणायचं ठरवलं, शास्त्रज्ञ न्यायालयात गेले आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात हरले. २०२१ साली इग्नूने ज्योतिषात एम.ए. सुरू केलं. भांडण ते आहे. जयंत नारळीकर त्याविरुद्ध नुसते बोलले नाहीत, त्यांनी दावा तपासायला घेतला. २००८ साली पुण्यात नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या एकत्र करून ज्योतिष्यांना वेगळ्या करायला दिल्या. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० आली असती. पाच वर्षांनी दाभोलकरांना पुण्यातच गोळ्या घातल्या. त्यानंतर 'तुम्ही आम्हाला अंधश्रद्धाळू म्हणता' अशी तक्रार करताना माणसाने थोडं थांबावं असं मला वाटतं.

विल्फ्रेड बक कोणाच्या मुलीचं लग्न अडवत नाहीत. मंगळ कडक आहे म्हणून मुलाचं स्थळ परत पाठवत नाहीत. ते म्हणतात की आम्ही इथे होतो, आम्ही वर बघत होतो, आणि आम्ही काय बघितलं ते हे. हा दावा खरा आहे, त्याला टाळ्या मिळतात.

पण माझा खरा राग याहून खोल आहे. दादाने पंचांगाला क्री लोकांच्या शेजारी बसवलं, तो राग. क्री लोकांच्या आकाशाचं काय केलं गेलं ते एकदा बघावं. १८८५ पासून कॅनडाच्या इंडियन ॲक्टमध्ये, म्हणजे मूळ रहिवाशांसाठीच्या कायद्यात, त्यांच्या विधींवर बंदीची कलमं घालायला सुरुवात झाली, १८९५ साली ती वाढवून सूर्यनृत्यासारख्या विधींनाही लावली, आणि ती १९५१ पर्यंत टिकली. ज्या विधींतून ही गाणी आणि तारे पुढच्या पिढीला मिळायचे, ते विधी केले तर तुरुंग. जोडीला निवासी शाळा. सुमारे दीड लाख मुलं घरातून उचलून त्यांत घातली. आपली भाषा बोलली की मार. शेवटच्या शाळा १९९०च्या दशकात बंद झाल्या, म्हणजे मी परतवाड्याच्या शाळेत शिकत होते तेव्हा त्या चालू होत्या. पुढच्या रांगेतल्या त्या बाई माझ्याच वयाच्या असतील.

आपलं पंचांग कोणी कधी जप्त केलं? कालनिर्णय १९७३ पासून घराघरांत खिळ्याला लटकतंय. सरकारी सुट्ट्या पंचांगावर ठरतात, मुहूर्त बघून मंत्री शपथ घेतात. राज्य, पैसा, शाळा, देऊळ सगळं ज्याच्या बाजूने आहे, त्याने कोपऱ्यात ढकलल्या गेलेल्या माणसाचे कपडे घालून उभं राहू नये. वसाहतकाळात इंग्रजांनी आपल्या ज्ञानाला हिणवलं हे खरं, पण त्यांनीच दीक्षितांना वाचलं आणि टिळकांचा मृगशीर्षावरचा १८९३चा ग्रंथ मॅक्सम्युलरच्या टेबलापर्यंत गेला. क्री आजीचा तारा कोणाच्या टेबलापर्यंत गेला नाही. तो तिच्या नातवाच्या तोंडून मारून काढला.

महाराष्ट्रात क्री लोकांच्या शेजारी कोणाला बसवायचं असेल तर ते गोंड, कोलाम, कोरकू यांना. आणि दादा, ते तर आपल्या अंगणात आहेत. परतवाड्याहून घाट चढला की मेळघाट. लहानपणी आठवडी बाजाराला कोरकू बायका यायच्या, मोहाची फुलं, चारोळी, झाडू घेऊन. आई त्यांच्याशी घासाघीस करायची. कार्यक्रमानंतर चहा घेताना त्या क्री बाईंनी मला विचारलं, "तुझ्या लोकांच्या गोष्टीत ही सात कोण आहेत?" मी सप्तर्षी सांगितले, वसिष्ठाशेजारची अरुंधती सांगितली, लग्नात नवरा-नवरीला ती दाखवतात तेही. त्यांना ते फार आवडलं. मग त्या म्हणाल्या, "आणि तिथल्या जंगलातली माणसं?" मला कोरकूंचा एकही तारा माहीत नव्हता.

घरी येऊन वाचत बसले तर कळलं की काम झालेलं आहे, आणि ते आमच्याच जिल्ह्यातल्या माणसाने केलंय. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी महाराष्ट्र, आंध्र आणि मध्य प्रदेशातल्या सुमारे १५ गोंड गावांत जाऊन लोकांना आकाशाबद्दल विचारलं, २०१३ साली ते प्रसिद्ध केलं, पुढे बंजारा, कोलाम आणि कोरकूंवरही लिहिलं. गोंडांना सप्तर्षींतले चार तारे म्हातारीची खाट दिसतात आणि उरलेले तीन तारे ती खाट चोरायला आलेले चोर. मृगात त्यांना नांगर दिसतो. आकाशगंगा म्हणजे जनावरांची वाट. क्री लोकांच्या पक्ष्यांची वाट आणि गोंडांच्या गुरांची वाट, मध्ये अर्धी पृथ्वी. मी ते वाचून रात्री नवऱ्याला उठवलं.

ऋषी नाहीत, खाट आहे. ते आकाश आपल्या पोथीतून उतरलेलं नाही, हे त्या संशोधनाने नीट दाखवलंय. मग 'आपलं प्राचीन ज्ञान' म्हणताना यातलं काय आपण मोजतो? ग्रुपवर दररोज कोणी ना कोणी ऋषींनी प्रकाशाचा वेग काढल्याचं टाकतं. म्हातारीची खाट मी टाकली तेव्हा एक अंगठाही आला नाही. दादाने लिहिलं, "हे लोककथा झालं." अस्वल लोककथा नाही का, दादा? की ते परदेशी असल्यामुळे तुला माझ्याशी भांडायला कामाला आलं?

यावर तो जे म्हणाला ते इथे लिहायलाच हवं. तो म्हणाला, "तू तिकडे सुखात बसून आम्हाला कोरकूंबद्दल शिकवू नकोस. तू ज्या जमिनीवर घर घेतलंस ती कोणाची?"

ती जमीन ट्रीटी वनची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांशी झालेल्या पहिल्या क्रमांकाच्या कराराची आहे. इथे मुलाच्या शाळेतली सभा असो की हॉकीचा सामना, सुरुवातीला ते म्हटलं जातं, सगळे मान खाली घालून ऐकतात. मीही ऐकते. माझ्या नळाला येणारं पाणी शोल लेकचं. विनिपेगने १९१९ साली तिथून शहरापर्यंत कालवा आणला, आणि तिथल्या शोल लेक ४० या अनिशिनाबे वस्तीच्या भोवती पाणी वळवून तिला बेट करून टाकलं. ज्या तळ्यातून आमच्या शहराला स्वच्छ पाणी येतं त्याच्या काठच्या माणसांना १९९७ पासून २०२१ पर्यंत पाणी उकळून प्यावं लागलं. बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता त्यांना २०१९ साली मिळाला. मी या शहरात आले तेव्हा ते पाणी उकळत होते आणि मी नळाखाली ग्लास धरून भावंडांना फोनवर सांगत होते की इथे फिल्टरही लागत नाही.

वीज तशीच. मॅनिटोबाची जवळजवळ सगळी वीज पाण्यावरची, स्वच्छ आणि स्वस्त. उणे तिसात माझं घर त्यावर ऊबदार राहतं. १९६०च्या दशकात ग्रँड रॅपिड्सच्या धरणासाठी सीडर लेकची पातळी वाढवली आणि चेमावाविनच्या क्री लोकांना त्यांच्या गावातून उठवून ईस्टरव्हिलच्या खडकाळ जागेवर नेलं. त्यांची शिकारीची, मासेमारीची जागा पाण्याखाली गेली. बक यांचं ओपास्क्वायाक त्याच पाणलोटात, नदीच्या वरच्या अंगाला आहे. माझ्या भिंतीतल्या हीटरचा आवाज ऐकताना मला ते आता माहीत असतं.

नागरिकत्वाची शपथ घेताना मी जे म्हटलं त्यात, २०२१च्या बदलानंतर, फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी या मूळ रहिवासी लोकांचे मूळ हक्क आणि करार मानणाऱ्या राज्यघटनेचं नाव आहे. मी ते हात वर करून म्हटलं. दादा, तू विचारलंस म्हणून सांगते, मी इथे ज्यांच्या बाजूला उभी आहे ते घेणारे आहेत. ब्राउन कातडी असली म्हणून मी त्या सभागृहात क्री बाईंच्या बाजूची होत नाही. माझ्या मुलाचं बालपण त्यांच्या पाण्यावर वाढतंय.

पण तसंच, परतवाड्यातही आपण घेणाऱ्यांच्याच बाजूचे होतो. १९७३-७४ साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या काही प्रकल्पांतला एक, आणि पुढे त्याच्यासाठी कोरकूंची गावं उठवून खाली आणली. आपण सुट्टीत सेमाडोहला जाऊन वाघ दिसेल का म्हणून जीपमध्ये बसायचो. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, तिचं मराठीशी नातं नाही, आणि शाळेत कोरकू पोराला पहिल्या दिवसापासून मराठीत बसावं लागायचं. आश्रमशाळा आणि इथल्या निवासी शाळा एकच असं मी म्हणत नाही, म्हणणार नाही. आपल्या आश्रमशाळांच्या मागे चांगलं करू पाहणारी माणसं होती. तरी आजीजवळ रात्री अंगणात झोपणारं पोर वसतिगृहाच्या छताखाली झोपू लागलं की आकाश कोण सांगणार, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. इथे निदान तो मोठ्याने विचारला गेला. २०१५ साली निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने ९४ मागण्या लिहून सरकारच्या हातात ठेवल्या. त्यांतल्या बऱ्याच अजून पडून आहेत, पण त्या छापील आहेत, माझा मुलगा त्या शाळेत वाचतो. मेळघाटाबद्दल आपल्या बातम्यांत कुपोषणाशिवाय काय येतं?

इथे राहून मला लाभलेली शहाणपणाची एकच गोष्ट दादाला ऐकवावीशी वाटते आणि ती ऐकवताना मला संकोच नाही. मी बाहेर आले नसते तर परतवाड्यात राहून कोरकूंकडे बघितलंच नसतं. तिथे मी घरातली होते, घरातल्या माणसाला अंगणापलीकडे बघायची गरज पडत नाही. इथे मला कोणी तरी विचारलं की तुझ्या जंगलातली माणसं काय म्हणतात. म्हणून गावापासून इतकी लांब असताना मी पहिल्यांदा गावाबद्दल वाचते आहे. त्याचं दुःख होतं, आणि तरी विनिपेग सोडून परत यावंसं वाटत नाही, हेही खरं आहे.

दादा आता थोडा मऊ पडलाय. नव्या शैक्षणिक धोरणात भारतीय ज्ञानप्रणालीचा विषय कॉलेजांना घ्यावा लागतो, आणि अभ्यासमंडळावर त्याच्या ओळखीची माणसं आहेत. परवा त्याने लिहिलं, "बरं, तूच सांग, कोणाला बोलावू?" मी त्याला लांब उत्तर पाठवलंय. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या कोरकू जाणत्या माणसांना विचार. बोलावताना तू स्वतः जा, चिठ्ठी पाठवू नकोस. इथे एल्डरला, म्हणजे जाणत्या वडीलधाऱ्या माणसाला, काही विचारायचं तर आधी तंबाखू हातात देतात, तसं तिथे काय द्यायची रीत आहे ते गावात विचारून घे. त्यांना मानधन पाहुण्या प्राध्यापकाइतकंच दे, गाडीभाडं वेगळं दे, सोबत कोरकू बोलणारा माणूस ठेव. तारीख पावसाळा संपल्यावरची, अमावस्येच्या आसपासची, आणि वर्ग रात्री, शहराबाहेर. त्यांनी पहिल्या दिवशी काहीच सांगायचं नाही असं ठरवलं, तरी मानधन पूर्ण द्यायचं.